ओढ्याचा प्रश्न असेंब्लीत गेला

सदतीस सालच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि आमच्या गावात मत असलेल्या बायका मोजून तीन होत्या. पाटलीणबाईंना जमिनीमुळं मत होतं. मास्तरांच्या बायकोला आणि मला लिहिता-वाचता येत होतं म्हणून. माझं माहेर शहापूरचं, विणकराचं. तिथल्या मुलींच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकले होते आणि त्या दाखल्यावर माझं नाव मतदारांच्या यादीत चढलं. दाखला असा कामाला येईल हे तो देणाऱ्या बाईंनाही वाटलं नसेल.

सासर निपाणीपासून दोन कोसांवरचं. चावडीला लागून आमच्या ह्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. हे मशीनवर बसायचे, मी आतल्या दारात बसून काज-बटणं करायची. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आत्ती रोज उजाडता उजाडता गावातल्या तीस-चाळीस बायकांबरोबर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायच्या. संध्याकाळी परत आल्या की पदराला, केसांना तंबाखूचा वास असायचा आणि पाच-सात शिंका दिल्याशिवाय त्या उंबरा ओलांडायच्या नाहीत.

आमच्या भागातून मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत एकाहून जास्त माणसं गेली होती, पण आमच्या गावाची मतं पडली होती ती तालुक्याच्या एका वकिलांना. प्रचाराला आले तेव्हा चावडीच्या कट्ट्यावर उभे राहून ते फार छान बोलले होते. आवाज असा खणखणीत की मशीन थांबवलं नाही तरी सगळं ऐकू आलं. मतदान झालं, वकीलसाहेब निवडून आले, गुलाल उधळला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मग एका संध्याकाळी आत्तींनी भाकरी थापता थापता मला विचारलं,

"पोरी, त्यो वकील तिकडं दिसभर करतो तरी काय गं?"

"सभेत बसतात. कायदे करतात."

"त्ये समद्यांनी मिळून. त्यो एकटा काय करतो?"

मत आत्तींना नव्हतं, मला होतं, आणि ज्याला दिलं तो काय करतो हे मला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मला लागली.

मास्तरांकडे पुण्याचं वर्तमानपत्र यायचं. सर्व्हिस मोटारीतून एक दिवस शिळं होऊन ते फाट्यावर पडायचं. मास्तर वाचून झालं की दुकानात आणून देत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यात वकीलसाहेबांचं नाव शोधायला लागले. ह्यांच्या मापाच्या वहीत मागची पानं कोरी होती. तिथं वर ‘आमचे वकीलसाहेब’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

शपथ घेणाऱ्यांच्या यादीत नाव छापून आलं तेव्हा मी केवढ्यानं ओरडले! ह्यांच्या हातातली कात्री खाली पडली. मी लिहिलं, ‘शपथ घेतली.’ संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. मग लोक दुकानात यायचे ते सदरा शिवायच्या निमित्तानं, आणि कोल्हापूरच्या कुस्त्यांचा निकाल विचारावा तसं विचारायचे, "आज काय? आपला गडी उठला का?"

गडी काही उठेना. मुंबईचा माणूस बोलला, साताऱ्याचा बोलला, खानदेशचा तर रोजच बोलत होता. बेळगाव जिल्ह्यातली दुसरी नावंसुद्धा अधूनमधून दिसत. आमचं नाव नाही. पुण्याची बैठक संपली, मुंबईची सुरू झाली आणि वहीत शपथेच्या खाली सगळं पान तसंच.

"पेपरवाले सगळं छापत नाहीत," मास्तर म्हणाले. "सभेत जो जो शब्द बोलला जातो त्याचं सरकार पुस्तक काढतं. शेवटी प्रत्येक सभासदाच्या नावापुढं पानांचे आकडे असतात. बेळगावच्या मोठ्या वाचनालयात ती पुस्तकं मी पाहिली आहेत."

गुढीपाडव्याला मी माहेरी जाणारच होते. शहापूर बेळगावला अगदी चिकटून, पण तेव्हा ते संस्थानात होतं. मधला रस्ता ओलांडला की इंग्रजांचं राज्य. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आयुष्यभर तो रस्ता सुतासाठी ओलांडला होता, वाचनालयासाठी कधीच नाही. मी काय बघायला जाणार आहे हे ऐकून त्यांनी मागावरून पाय काढले, डोक्याला रुमाल बांधला आणि माझ्याबरोबर निघाले.

वाचनालयातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हा दोघांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी काय हवं ते सांगितलं. ते आत गेले आणि जाडजूड पुस्तक घेऊन आले. इंग्रजी होतं. मी नाव सांगितलं, त्यांनी शेवटची पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं.

"आहे."

मी पुढं वाकले. "किती वेळा?"

"एकदा." त्यांनी ते पान काढलं, चष्मा पुसला, वाचलं, आणि त्यांच्या पोटातून हसू फुटलं. वाचनालयात हसायची मनाई असावी, कारण चारही बाजूंनी लोकांनी माना वर केल्या.

"काय म्हणालेत?" मी विचारलं.

"म्हणालेत, ‘अध्यक्षमहाराज, इथं मागं काही ऐकू येत नाही.’"

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही बाई. एवढंच."

आप्पा घरी येईपर्यंत दर दहा पावलांवर थांबून हसत होते. मला मात्र आधी रडू आलं, मग राग आला, आणि शहापूरच्या बोळात शिरताना मीही हसायला लागले.

गावात परत आल्यावर मी वही उघडून ते वाक्य दुकानात वाचून दाखवलं. जो गोंधळ झाला तो काय सांगू! कुणी म्हणालं, मत परत मागा. कुणी म्हणालं, त्याला कानाचं औषध धाडा. आत्ती वखारीतून आल्या त्या तशाच दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एकट्या हसल्या नाहीत.

"ऐकू येत न्हाय म्हणाला न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग त्याला ऐकवाय पायजे."

ती संधी महिन्याभरात चालून आली. गावच्या जत्रेत कुस्त्यांची बक्षिसं द्यायला वकीलसाहेब आले. गर्दीत त्यांच्या कोटाचं मधलं बटण तुटलं आणि पाटलांनी त्यांना आमच्या दुकानात आणून बसवलं. मी सुई ओवली. कोट माझ्या मांडीवर, वकीलसाहेब सदऱ्यावर समोरच्या बाकावर, आणि आत्ती त्यांना पाणी देत म्हणाल्या, "पोरी, बटण असू दे. आदी त्या वहीतलं वाच."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी सुईच बोटात टोचून घेतली. पण वकीलसाहेबांनी विचारलं, "कसली वही?"

मी वाचलं. सगळंच वाचलं. शपथ घेतली, पुण्याची बैठक, बोलले नाहीत. मुंबईची बैठक, पेपरात नाव नाही. मग वाचनालयातलं वाक्य, पानाच्या आकड्यासकट. वाचून झालं तेव्हा बाहेर हलगी वाजत होती.

वकीलसाहेबांनी हात पुढं करून वही घेतली. पान पुन्हा एकदा स्वतः वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले,

"हे तुम्ही लिहून ठेवलंत?"

"व्हय," मी म्हणाले. घाबरले की माझी शाळेतली भाषा पळून जायची.

"खरं सांगू का बाई? मला तिथं उभं राहायची भीती वाटते. कोर्टात समोर एक वकील असतो. तिथं पावणेदोनशे माणसं, आणि सगळी माझ्याहून शहाणी दिसतात. आणि दुसरं खरं सांगायचं तर माझ्याकडं जो येतो तो नोकरीची चिठ्ठी मागतो, नाहीतर बंदुकीचा परवाना. हे तिथं विचारा म्हणून एक प्रश्न आजवर कुणी आणून दिला नाही."

"परस्न पायजे व्हय?" आत्ती म्हणाल्या. "त्यो काय, गावाभाईर वाहतोय."

गाव आणि निपाणीचा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा बसत नसत. पण पावसाळ्यात डोंगराकडून पाणी आलं की छातीइतका व्हायचा. बायका वखारीला निघालेल्या काठावरूनच परत यायच्या. कधी कधी सकाळी उतरून जायच्या आणि संध्याकाळी अलीकडं येता यायचं नाही. आदल्या वर्षी आमच्या शेजारची एक बाई वाहून जाता जाता बाभळीच्या फांदीला धरून वाचली होती, हाताचे तळवे काट्यांनी सोलून निघाले होते. हे सगळं आत्तींनी एका दमात सांगितलं.

वकीलसाहेब कोट घालायचं विसरून ऐकत होते. मग म्हणाले, "लिहून द्या. पण असेंब्लीतल्या प्रश्नाला नियम आहेत. लहान हवा. माहिती विचारायची, भांडायचं नाही. कुणाला नावं ठेवायची नाहीत. आणि मला सगळा तपशील हवा, कारण उत्तर आलं की त्यावर उपप्रश्न विचारता येतो."

तो प्रश्न लिहायला आम्हाला आठ दिवस लागले. संध्याकाळी वखारीतून आलेल्या बायका दुकानासमोर बसायच्या, मास्तर मधे, मी वही घेऊन. आत्तींनी सांगितलेला पहिला मसुदा असा होता: ‘सरकारच्या बायकांस्नी कधी लुगडं डोईला गुंडाळून ओढा उतरावा लागलाय का?’ मास्तरांनी तो खोडला. दुसऱ्यात जिल्ह्याचे रस्ते बघणाऱ्या लोकल बोर्डाच्या सगळ्या मेंबरांना ओढ्यात उभं करायची सूचना होती. तोही खोडला.

मग तपशील. गेल्या पावसाळ्यात किती दिवस जाता आलं नाही? एक म्हणाली वीस, एक म्हणाली महिना. त्यावर जे भांडण जुंपलं! कुणाला दिवस आठवेना, पण त्या दिवशी घरी काय झालं ते सगळं आठवत होतं. "त्या दिशी माजी म्हस व्यालती." "त्या दिशी माज्या नणंदंचा नवरा आलता आन् पलीकडंच अडाकलाता." मी एकेक दिवस असा लिहीत गेले, मास्तरांनी पंचांगाशी ताडून पाहिला आणि शेवटी तेवीस दिवस नक्की झाले. चोविसाव्यासाठी एक बाई शेवटपर्यंत हटून बसली होती.

प्रश्न तयार झाला तो चार ओळींचा. अमुक गावाजवळच्या ओढ्यामुळं पावसाळ्यात कामाला जाणाऱ्या स्त्रियांची वाट बंद होते हे सरकारला माहीत आहे काय? असल्यास तिथं मोरी, म्हणजे लहान पूल, बांधण्याबाबत सरकारनं काय केलं आहे? मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं आणि दोन्ही कागद वकीलसाहेबांना पाठवले.

आषाढ संपता संपता त्यांचं पत्र आलं. प्रश्न स्वीकारला होता. त्याला नंबर पडला होता. पुण्याच्या बैठकीत कुठल्या दिवशी यायचा ते कळवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रेक्षकांच्या सज्जाचे तीन पास सोबत पाठवले आहेत. यावे. तुम्ही वर असाल तर मला खाली उभं राहता येईल.’

ह्यांनी ते पत्र ऐकून मशीन थांबवलं. मग म्हणाले, "तू जा. आईला घेऊन जा. मास्तर येतील सोबत." आणि माझ्यासाठी नवी चोळी बेतायला घेतली. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे त्यांनी दोन दिवस बाजूला ठेवले.

निघायच्या सकाळी ओढा भरला.

रात्रभर डोंगरावर कोसळला होता. आम्ही तिघं काठावर पोहोचलो तर पाणी तांबडं, घुमत चाललेलं, आणि पलीकडच्या फाट्यावर कोल्हापूरची मोटार आठाला यायची. आत्ती कमरेवर हात ठेवून त्या पाण्याकडं बघत होत्या. "बगा की," त्या म्हणाल्या, "ह्याला कळलंय आपण तक्रार घिऊन निगालोय."

निम्मं गाव जमलं. वखारीच्या बायका तर होत्याच. आमच्या डोळ्यांदेखत पहिली मोटार पलीकडून भोंगा वाजवत निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण दहाच्या सुमाराला पाणी मांडीइतकं उतरलं आणि गावच्या चार पैलवानांनी कासरे एकाला एक बांधून दोन्ही काठांवर धरले. मास्तर आधी गेले, धोतर खोचून, पास तोंडात धरून. मग आत्ती. मग मी, नव्या चोळीचं गाठोडं डोक्यावर घेऊन. मधोमध पायाखालचा दगड सरकला आणि पाणी कमरेला आलं. मागून सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. कासरा हाताला असा कचकचून लागला की पुढं आठवडाभर वळ होते. पलीकडच्या पैलवानानं मनगट धरून वर ओढलं आणि मी चिखलात बसून हसायला लागले. आत्तीही हसत होत्या. का ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

दुसरी मोटार दुपारी मिळाली. कोल्हापूरच्या स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डनं शिट्टी तोंडाला लावली होती. मास्तरांनी आत्तींना अक्षरशः डब्यात ढकललं. एरवी ते आत्तींशी मान खाली घालून बोलत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुण्याच्या त्या सभागृहाच्या सज्जात बसलो होतो. पट्टेवाल्यानं दारातच बजावलं: बोलायचं नाही, टाळी नाही, वाकून बघायचं नाही. मास्तर वकीलसाहेबांना कालच्या ओढ्याचं सांगून आले आणि पुरुषांच्या बाजूला गेले. माझ्या शेजारी पुण्याच्या एक चष्मेवाल्या बाई होत्या, बहुधा कॉलेजात शिकवणाऱ्या. खाली अर्धगोलात बाकं, लाकूड आरशासारखं. मी वकीलसाहेबांना शोधलं. मागच्या रांगेत, कोपऱ्यात. हातात कागद, आणि तो ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

प्रश्न सुरू झाले. सगळं इंग्रजीत. मला वाटत होतं, वकीलसाहेब उठतील, आमच्या चारही ओळी त्या खणखणीत आवाजात वाचतील, सगळी सभा ऐकेल. अध्यक्षांनी नाव पुकारलं. वकीलसाहेब उभे राहिले, नुसता नंबर म्हणाले आणि खाली बसले.

"झालं?" आत्तींनी माझ्या कानात विचारलं.

आठ दिवस बसून लिहिलेला प्रश्न, आणि नुसता नंबर! चष्मेवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "अशीच पद्धत आहे. प्रश्न सगळ्यांच्या हातात छापलेला असतो. आता उत्तर ऐका."

मंत्र्यांच्या वतीनं एक तरुण गृहस्थ उठला. त्यानं कागदावरून वाचलं. त्यात आमच्या गावाचं नाव आलं, असं मोडूनतोडून की ते दुसऱ्याच मुलखातलं वाटावं, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी सांगितलं, "म्हणतायत, ही बाब लोकल बोर्डाची आहे. सरकारकडे याची माहिती नाही."

पुढचा नंबर पुकारणार तोच वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले. या वेळी ते मराठीत बोलले.

"अध्यक्षमहाराज, उपप्रश्न. गेल्या पावसाळ्यात हा ओढा तेवीस दिवस बंद होता, हे सरकारला ठाऊक आहे काय?"

सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडं वळल्या. उत्तरं इंग्रजीतच येत होती, बाई ती आम्हा दोघींना मराठीत सांगत होत्या. तो गृहस्थ म्हणाला, "नाही."

"काल सकाळीही तो बंद होता, हे ठाऊक आहे काय?"

"कालचं सरकारला कसं ठाऊक असणार?"

"मला ठाऊक आहे." सभा हसली. अध्यक्ष म्हणाले, सभासदांनी माहिती द्यायची नाही, विचारायची. वकीलसाहेबांचा आवाज आता चावडीवरच्यासारखा झाला होता. "मग विचारतो. लोकल बोर्डाला रस्त्यांसाठी सरकार मदत देतं की नाही?"

"देतं."

"तर तो ओढा पाहायला सरकार एखादा ओव्हरसियर पाठवील काय?"

"विचार करू."

आणि माझ्या शेजारून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, आत्ती म्हणाल्या, "इच्यार नगं! धाडा की मानूस!"

मग खालून जो हशा उसळला! पट्टेवाला धावत आला. अध्यक्षांनी वर पाहिलं आणि कडक शब्दांत बजावलं, सज्जातल्यांनी शांत राहावं. मी आत्तींचा हात गच्च धरला होता आणि चष्मेवाल्या बाईंनी पट्टेवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो आम्हाला बाहेर न काढता आमच्या मागं उभा राहिला. खाली तो तरुण गृहस्थही हसत होता. तो उठला आणि म्हणाला, मराठीत म्हणाला, "पाठवू."

वकीलसाहेब मधल्या वेळात वऱ्हांड्यात धावत आले. घामानं डबडबले होते. "बोललो!" एवढंच ते दोनदा म्हणाले. परीक्षा पास झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि दोघंही ते सोडायला विसरले. आत्ती त्यांना म्हणाल्या, "आक्षी झ्याक बोललासा, सायेब. खरं म्या मधी बोलले त्ये चुकलं का?" तेव्हा ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

परत आलो तेव्हा ओढा पुन्हा भरलेला होता आणि आम्ही निपाणीत एका ओळखीच्या घरी दोन दिवस अडकून पडलो. पण आत्तींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी त्या घरातल्या माणसांना सगळी असेंब्ली करून दाखवली. अध्यक्ष, पट्टेवाला, सगळ्यांचे आवाज.

पुढं त्या बैठकीचं छापील पुस्तक बेळगावात आलं तेव्हा आप्पांनी स्वतः वाचनालयात जाऊन त्या गृहस्थांकडून पान वाचून घेतलं. आत्तींचं वाक्य त्यात नव्हतं. त्या जागी कंसात इंग्रजीत ‘व्यत्यय’ एवढाच शब्द होता. आप्पांनी मला ते पत्रानं कळवलं आणि शेवटी लिहिलं की आमच्या पेठेतले विणकरही आता म्हणतायत, सुताबद्दल एक प्रश्न विचारावा. पण शहापूर पडलं संस्थानात. आमच्याकडून कोण विचारणार? ते पत्र वाचून मी दिवसभर कामात चुकत होते. एका रस्त्याचं अंतर, आणि अलीकडच्या माणसाला प्रश्न विचारता येत होता, पलीकडच्याला नाही.

ओव्हरसियर दिवाळीनंतर आला. साखळी घेऊन आला, ओढ्याची रुंदी मोजली, काठावरच्या बायकांना विचारून पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा केल्या. बायकांनी त्याला इतक्या खुणा दाखवल्या की तो म्हणाला, एवढा पूल तर कृष्णेवरही नसेल. उन्हाळ्यात दगड पडले. मृगाच्या आधी तीन कमानींची मोरी उभी राहिली. ओबडधोबडच होती, कठडा एकाच बाजूला, पण पाणी खालून जात होतं आणि माणसं वरून.

त्याच मृगात एका सकाळी वकीलसाहेब मोरी पाहायला आले. कुणाला न कळवता, भाड्याच्या मोटारीनं. मी आत्तींचा विसरलेला डबा द्यायला ओढ्यापर्यंत गेले होते म्हणून मला ते दिसले. मोरीच्या मधोमध उभे राहून खाली पाणी बघत होते. वखारीला निघालेल्या बायकांची रांग त्यांच्यापाशी येऊन थांबली.

"काय बायांनो, जमलं का?" ते म्हणाले.

"जमलं की!" एकजण म्हणाली. "आता वखारीत पानी न्हाय प्यायला, त्ये कवा इचारनार?"

"आमच्या वस्तीवर साळंचं छप्पर उडालंय."

"मास्तरीणबाई पायजे, पोरींस्नी मास्तर हान्तो."

"सायेब, माजं आदी लिवा!"

चाळीस बायका एकदम बोलत होत्या. वकीलसाहेबांनी खिसे चाचपले, एक लखोटा सापडला, तो उलटा करून मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि लिहायला लागले. "एकेक, एकेक," ते म्हणत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. पोरींना मारणाऱ्या मास्तराचा विषय निघाला तेव्हा आत्तींनी मध्येच दटावलं, आमचे मास्तर तसले न्हाईत, त्यो दुसऱ्या वस्तीवरला. लखोटा भरला. मग त्यांनी मोटारवाल्याकडून कागद मागवला.

त्यातले तीन प्रश्न त्यांनी विचारले. चौथा विचारायच्या आत लढाई सुरू झाली, मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले आणि असेंब्ली बंद झाली. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकांना वखारीत जायला उशीर झाला. मुकादम ओरडला असणार. आत्ती संध्याकाळी आल्या, उंबऱ्यावर शिंकल्या आणि म्हणाल्या, "पोरी, वखारीत पान्याचा परस्न त्यांनी दुसऱ्या नंबरावर लिवलाय. म्या सोता बगिटलं."

आत्तींना अक्षर ओळखता येत नव्हतं.

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यांनी लिवताना माज्याकडं बगिटलं की," आत्ती म्हणाल्या.